एकच संसार, दोन खिडक्या : एचआयव्हीचे औषध आणि पाळणा यांविषयी उभयतांनी वाचावे असे काही



हे पत्रक उभयतांनी शेजारी बसून वाचायचे आहे. रात्रीची जेवणे आटोपली, पोरे झोपली, की काढा. ज्याला वाचता येते त्याने वाचावे, दुसऱ्याने ऐकावे आणि मध्येच अडवून विचारावे. वाचताना थोडी लाज वाटेल. वाटू द्या. नवरा-बायकोनेच एकमेकांशी बोलायचे नाही, तर मग बोलायचे कोणाशी?

विषय असा आहे. घरात एकाला किंवा दोघांना एचआयव्हीची लागण आहे, औषध चालू आहे, प्रकृती बरी आहे. आता मूल हवे की नको? हवे तर केव्हा? नको तर कोणते साधन? पाळी चुकली तर कुठे जायचे? अंगावरून पांढरे जाते, ते कोणाला दाखवायचे? हे प्रश्न इतर चार जोडप्यांना पडतात तसेच या जोडप्यालाही पडतात. पण पुष्कळदा ते कोणाला विचारलेच जात नाहीत, आणि त्यातून नुकसान होते.

तुमच्या घरात हा आजार नसेल, तरीही पत्रक बाजूला टाकू नका. का, ते पुढे कळेल.

दोन खिडक्या कशा झाल्या?

आपल्या देशात कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला. १९६८ साली सरकारने निरोध आणला. लाल त्रिकोण, तांबी, शस्त्रक्रिया हे शब्द तुमच्या आईवडिलांच्या कानावरून गेलेले आहेत. एचआयव्ही आपल्या देशात सापडला तो १९८६ साली. त्यासाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना १९९२ साली उभी राहिली, आणि सरकारी दवाखान्यांतून एआरटी म्हणजे एचआयव्हीचे औषध मोफत मिळू लागले ते १ एप्रिल २००४ पासून. म्हणजे एका कामाला चाळीस वर्षे झाल्यावर दुसरे काम सुरू झाले. त्यामुळे खोली वेगळी, रजिस्टर वेगळे, बसणारी माणसेही वेगळी. उपकेंद्रातल्या नर्सबाई पाळण्याविषयी बोलणार, जिल्हा रुग्णालयातले एआरटी केंद्र गोळ्यांविषयी बोलणार. दोघेही आपापले काम नीट करतात. पण संसार तर एकच आहे ना!

आता या दोन खिडक्या एकमेकींना जोडण्याचे काम चालू आहे. गरोदरपणाच्या तपासणीतच एचआयव्हीची चाचणी होते, एआरटी केंद्रातले समुपदेशक निरोध देतात आणि मुलाबाळांविषयी बोलतात, गुप्तरोगांसाठी सुरक्षा क्लिनिक आहे. तरीसुद्धा या खिडकीतली गोष्ट त्या खिडकीत पोचवणारा सगळ्यात भरवशाचा माणूस म्हणजे तुम्ही स्वतःच. ते कसे, ते एका उदाहरणावरून पाहू.

एक साधी लोखंडाची गोळी

समजा, एक ताई आहे. दोन वर्षे एचआयव्हीचे औषध नियमित घेते. रोज एकच गोळी, रात्री. रक्तातले विषाणू मोजणीत सापडत नाहीत इतके कमी झालेले. तिला दिवस गेले. उपकेंद्रात नाव नोंदवले, पण आजाराचे सांगितले नाही. नर्सबाईंनी सगळ्या गरोदर बायांना देतात तशा रक्तवाढीच्या लोहाच्या आणि हाडांसाठीच्या कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. ताईने विचार केला, विसरायला नको, सगळ्या गोळ्या एकदमच घेऊन टाकू. भूक नव्हती, म्हणून रात्री उपाशीपोटीच सगळ्या घेतल्या. रोज तसेच.

यात चूक कोणाची? कोणाचीच नाही म्हणा. पण एचआयव्हीच्या त्या एका गोळीत आजकाल डोलुटेग्रॅविर नावाचे औषध असते. लोह किंवा कॅल्शियम त्याच्याबरोबर रिकाम्या पोटी गेले, तर ते औषध आतड्यातच बांधले जाते, रक्तात पुरेसे उतरत नाही. गोळी पोटात गेली पण काम अर्धवट झाले. असे रोज होत राहिले तर विषाणू पुन्हा वाढू शकतात, आणि वाढले की पोटातल्या बाळाला धोका.

उपाय अगदी सोपा आहे. एचआयव्हीची गोळी लोह-कॅल्शियमच्या आधी २ तास घ्यावी किंवा त्यांच्यानंतर ६ तासांनी घ्यावी. एकत्र घेणे भागच पडले, तर भरल्या पोटी, जेवणासोबत घ्यावी. सकाळ-दुपारच्या खाण्यानंतर कॅल्शियम आणि लोह, रात्री झोपताना एचआयव्हीची गोळी, असा मेळ सहज बसतो. पित्तावरच्या औषधांतही अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम असते. त्यांना जेवणाची सवलत नाही, तेथे तेच २ तास आणि ६ तास पाळावे. लोह बंद मात्र करू नका. गरोदर बाईला रक्त हवेच.

पाहा, दोन मिनिटांचे बोलणे. पण ते झाले नाही, तर दोन वर्षांची मेहनत वाया जाऊ शकते.

मूल हवे आहे

"आम्हाला हा आजार, आम्ही कशाला मुलाची आशा धरायची?" असे पुष्कळ जण म्हणतात. सासूबाई उलट बाजूने विचारत असतात, "लग्नाला तीन वर्षे झाली, अजून काही नाही?" मध्ये बिचारी सून. तिला आत काय वाटते ते तिलाच ठाऊक.

खरी गोष्ट अशी. काहीच उपचार घेतले नाहीत, तर आईची लागण बाळाला होण्याचे प्रमाण शंभरात १५ ते ४५ असते. गरोदरपणात, बाळंतपणात आणि अंगावर पाजताना, अशा तिन्ही वेळा लागण होऊ शकते. आईने औषध नीट घेतले आणि बाळालाही वेळेवर औषध मिळाले, तर हे प्रमाण शंभरात ५ पेक्षाही खाली येते. गर्भ राहण्याच्या आधीपासूनच औषध चालू असेल आणि विषाणू दबलेले असतील, तर धोका आणखी कमी. म्हणूनच, मूल हवे असे मनात आले की पाळी चुकण्याची वाट पाहू नका, आधी एआरटी केंद्रात सांगा.

तेथे काय होईल? तुमच्या रक्तातल्या विषाणूंची मोजणी पाहतील. ही तपासणी मोफत होते. औषध रोज घेतले तर साधारण सहा महिन्यांत बहुतेकांच्या मोजणीत विषाणू सापडेनासे होतात. विषाणू असे सापडेनासे झाले आणि तसेच राहिले, म्हणजे नवरा-बायकोच्या संबंधातून एकाची लागण दुसऱ्याला होत नाही, हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. तेव्हा एकाला लागण आहे आणि दुसऱ्याला नाही अशा जोडप्यालाही, आपापसांतल्या संबंधातून, मूल होऊ शकते. मोजणी नीट येईपर्यंत निरोध वापरायचा. आली, की डॉक्टर पाळीच्या हिशोबाने कोणते दिवस योग्य ते सांगतील. त्याआधी दोघांचीही गुप्तरोगाची तपासणी करून घ्यावी. क्षयाची लक्षणे असतील तर तीही सांगावीत.

आणखी एक शंका काही बायांच्या मनात असते, की हे औषध घेतले तर बाळात व्यंग येईल. ही भीती अगदीच हवेतली नव्हती. २०१८ साली बोत्स्वाना देशातल्या बाळंतपणांच्या नोंदींवरून तशी शंका निघाली होती. पण पुढे अधिक बाळंतपणांच्या नोंदी आल्या तसा तो फरक ओसरला, आणि २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने गर्भ राहू शकणाऱ्या स्त्रियांनाही हे औषध द्यावे असे सांगितले. भीतीपोटी आपल्या मनाने औषध सोडणे हीच बाळाला सर्वांत घातक गोष्ट आहे.

दिवस गेले, बाळ झाले

गरोदर बाई कोणाचीही असो, श्रीमंताची वा गरिबाची, तिची एचआयव्ही आणि गरमी या दोन्ही रोगांची तपासणी पहिल्या नोंदणीलाच व्हावी. उपकेंद्रातसुद्धा बोटाला टोचून ही तपासणी करता येते. संशय आला तर ग्रामीण रुग्णालयातल्या चाचणी केंद्रात पुन्हा वेगवेगळ्या चाचण्या करून खात्री करतात. एका टोचणीवरून निकाल लागला असे समजू नये.

आणि दादा, तुम्हीही. बायकोची चाचणी झाली, ती चांगली आली, म्हणून तुमची आपोआप चांगली आली असे होत नाही. कामधंद्यासाठी बाहेर राहणारे पुष्कळ आहेत, गाडीवर असणारे आहेत. कोणावर बोट दाखवण्याचा हेतू नाही. पण गरोदरपणात किंवा बाळ अंगावर पीत असताना आईला नव्याने लागण झाली, तर त्या काळात तिच्या रक्तात विषाणू फार वाढलेले असतात आणि बाळाला धोका मोठा असतो. म्हणून बायकोबरोबर आलात की त्याच दिवशी तुमचेही रक्त तपासून घ्या. तुमच्या घरात आजार नसला तरी पत्रक वाचा, असे वर लिहिले ते याचसाठी.

बाळंतपण दवाखान्यातच व्हावे. एचआयव्ही आहे म्हणून पोट फाडून मूल काढावे लागते असे नाही. ते बाळंतपणाच्या इतर अडचणींवरून डॉक्टर ठरवतात. जन्मल्यावर बाळाला औषधाचे पातळ डोस सुरू करतात, ते किमान ६ आठवडे चालतात, काही बाळांना १२ आठवडे. पहिले सहा महिने आईचेच दूध द्यावे, आणि निव्वळ तेच. घुटी नको, मध नको, वरचे दूध नको, पाणीसुद्धा नको. वरचे आणि अंगावरचे असे मिसळून दिल्याने या घरांत लागणीचा धोका वाढतो. हे आजीबाईंना पटवणे अवघड जाते. त्यांना आजार सांगायचा नसेल तर सांगू नका. "सहा महिने फक्त आईचेच दूध, नर्सबाईंनी बजावलंय" एवढे म्हटले तरी पुरते, कारण ही सूचना सगळ्याच बाळांसाठी आहे.

बाळाच्या तपासण्या ६ आठवड्यांनी, ६ महिन्यांनी, १२ महिन्यांनी आणि शेवटची खात्रीची १८ महिन्यांनी. पहिल्या लसींच्या वेळेसच पहिली तपासणी येते, तेव्हा वेगळा हेलपाटा नको. शेवटची मात्र टाळली जाते. मूल दुडदुडू लागलेले असते, सगळे ठीक दिसते, आणि राहूनच जाते. ती करून घ्या.

येथे एक गावाकडची अडचण सांगायला हवी. पहिले बाळंतपण माहेरी असते. बाई सातव्या महिन्यात जाते ती बाळ दोन-तीन महिन्यांचे झाल्यावर येते, आणि माहेर दुसऱ्या तालुक्यात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात. गोळ्या मध्येच संपतात. माहेरच्या लोकांना ठाऊक नसते, मग ती मागणार कोणाकडे? म्हणून जाण्याआधी एआरटी केंद्रात सांगावे. प्रकृती स्थिर असेल तर दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात, नाहीतर माहेरच्या जवळच्या केंद्राच्या नावे कागद करून देतात. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांनीही कोयता उचलण्याआधी हेच करावे.

सध्या मूल नको, किंवा आता पुरे

निरोधचे महत्त्व येथे दुहेरी आहे. गर्भ राहू नये म्हणून, आणि एचआयव्ही, गरमी, परमा यांसारखे रोग एकाचे दुसऱ्याला जाऊ नयेत म्हणून. ही दोन्ही कामे करणारे दुसरे साधन नाही. मात्र निरोध कधी फाटतो, कधी निसटतो, कधी "आजच्या दिवस राहू दे" होते. म्हणून गर्भाच्या बाबतीत पक्की खात्री हवी असेल तर निरोधाच्या जोडीला आणखी एक साधन घ्यावे.

तांबी एचआयव्ही असलेल्या बाईला चालते, प्रकृती बरी असेल आणि त्या वेळी अंगात गुप्तरोग नसेल तर. प्रकृती फारच खालावलेली असेल तर आधी औषधाने सुधारू द्यावी, मग बसवावी. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही बसवता येते. अंतरा हे तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शनही चालते, एचआयव्हीच्या औषधाने त्याचा जोर कमी होत नाही. या इंजेक्शनाने एचआयव्हीची लागण लवकर होते असे मध्यंतरी बोलले जात होते. त्यावर दक्षिण आफ्रिका, केनिया, झांबिया आणि इस्वातिनी या चार देशांत ७,८०० हून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. २०१९ साली त्याचा निष्कर्ष आला : इंजेक्शन, तांबी आणि दंडात बसवायची कांडी यांत लागणीच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. पण यांतले कोणतेही साधन एचआयव्ही रोखत नाही, तेही लक्षात असू द्या.

माला-एन या गोळ्यांच्या बाबतीत मात्र विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन चालू असेल तर या गोळ्यांचा जोर कमी होतो आणि गोळी घेऊनही दिवस जाऊ शकतात. एचआयव्हीच्या जुन्या औषधांपैकी एफाविरेन्झनेही तो कमी होऊ शकतो. डोलुटेग्रॅविरने तसे होत नाही. आता हे सगळे पाठ करायची तुम्हाला गरज नाही. घरात असतील तेवढ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ठेवा, पुढचे नर्सबाई आणि डॉक्टर पाहतील.

कुटुंब पुरे झाले असेल तर शस्त्रक्रिया आहे. एचआयव्ही असलेल्या स्त्रीला ती करता येते, पुरुषालाही. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा साधी आहे, तरी आजही बायकोलाच पुढे केले जाते. ही जुनी खोड काही जात नाही. नसबंदीनंतर तीन महिने निरोध वापरायचा आणि वीर्य तपासून खात्री करायची. खात्री झाली म्हणजे गर्भाची काळजी मिटली. पण शस्त्रक्रियेने विषाणू थांबत नाहीत. "ऑपरेशन झालं, आता निरोध कशाला?" हे वाक्य एचआयव्हीच्या घरात चालणार नाही. विषाणूंची मोजणी चांगली असेल तर निरोधाचे काय करायचे, ते समुपदेशकांबरोबर बसून दोघांनी ठरवावे.

बाईच्या स्वतःच्या दुखण्याविषयी

मुलाचे झाले, पाळण्याचे झाले, पण ताई, तुमचे काय? एचआयव्ही असलेल्या स्त्रीला गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या सहापट असतो. हा रोग वर्षानुवर्षे न दुखता वाढतो, आणि आधीच्या पायरीवर सापडला तर साध्या उपचाराने थांबतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा, की एचआयव्ही असलेल्या स्त्रियांची ही तपासणी वयाच्या २५ व्या वर्षापासून व्हावी. पिशवीच्या तोंडाला सिरक्यासारखे पाणी लावून पाहतात, पाच-दहा मिनिटांचे काम. गोळ्या न्यायला याल तेव्हा विचारा, "बाई, माझी पिशवीच्या तोंडाची तपासणी झाली आहे का?" कोणी आपणहून काढले नाही तरी तुम्ही काढा.

अंगावरून पांढरे जाणे, घाण वास, खाज, ओटीपोटात दुखणे, संबंधानंतर रक्त दिसणे, यांतले काहीही असेल तर सुरक्षा क्लिनिकमध्ये दाखवा. गुप्तरोग निघाला तर औषध उभयतांनी घ्यायचे असते, एकट्या बाईने घेऊन भागत नाही. आणि पांढरे जाते एवढ्यावरून गर्भपिशवी काढून टाकायची घाई कोणाच्याही सांगण्यावरून करू नका. तपासणी आधी, दुसऱ्या डॉक्टरांचे मत आधी.

"तुम्हाला नाही करता येणार" असे कोणी म्हटले तर

एचआयव्ही आहे म्हणून तांबी बसवायला, शस्त्रक्रिया करायला किंवा बाळंतपण करायला नकार देता येत नाही. २०१७ साली झालेला एचआयव्ही-एड्सविषयीचा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात अशा भेदभावाला बंदी आहे. त्याच कायद्यात उलट बाजूही आहे : एचआयव्ही असलेल्या गरोदर स्त्रीचा गर्भपात किंवा नसबंदी तिने समजून-उमजून संमती दिल्याशिवाय करता येत नाही. म्हणजे "आजार आहे, पाडून टाक, ऑपरेशन कर" असा दबाव घरचेही आणू शकत नाहीत आणि दवाखानाही नाही. मूल हवे की नको, ते ठरवायचे तुम्ही.

गुप्ततेचेही तसेच. तुमचा आजार तुमच्या संमतीशिवाय इतरांना सांगायला कायद्याने मनाई आहे. आशाताई गावातल्याच, कदाचित भावकीतल्या, त्यांच्यापाशी बोलणे जड जात असेल तर थेट वैद्यकीय अधिकाऱ्यांशी किंवा चाचणी केंद्रातल्या समुपदेशकांशी आतल्या खोलीत बोला. जे औषध लिहून देतात किंवा साधन बसवतात त्यांना मात्र ठाऊक असावे. त्या लोखंडाच्या गोळीसारखी गोष्ट तेवढ्याने टळते.

तेव्हा पुढच्या वेळी एआरटी केंद्रात जाल तेव्हा हिरव्या पुस्तकाबरोबर गरोदरपणाचे कार्ड किंवा तांबीचा, इंजेक्शनचा कागदही न्या. उपकेंद्रात जाल तेव्हा उलट करा. शक्यतो दोघेही जा, मजुरी एक दिवस बुडेल खरी. आणि जाणे जमतच नसेल, रात्री-अपरात्री काही शंका आली, तर १०९७ या क्रमांकावर फोन लावा. पैसे पडत नाहीत, आणि नाव सांगायची सक्ती नाही.